कमी बजेटच्या सिनेमाच्या ऑडिशनसाठी जागा: आकडेमोडीपासून किल्ली परत देईपर्यंत

जागेची गडबड बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. आधी कलाकारांना तारीख दिली जाते आणि मग हॉल शोधायला सुरुवात होते. चार दिवस उरलेले असतात, मिळेल ती खोली घेतली जाते आणि ऑडिशनच्या दिवशी सकाळी कळतं की शेजारी सुतारकाम चालू आहे, बाहेर बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृहाला कुलूप आहे. कलाकार चांगला असतो, पण रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज घुमतो आणि दिग्दर्शक त्याला बाजूला ठेवतो. नुकसान दोघांचंही.

हे सगळं मी मुख्यतः पुण्यात, हातात फारसे पैसे नसलेल्या मराठी सिनेमांसाठी केलेल्या कामावरून लिहितोय. मुंबईत अंधेरीच्या आराम नगरात कॅमेरा, लाइट आणि कलाकाराच्या मागे लावायच्या पडद्यासकट तासावर मिळणारे ऑडिशन स्टुडिओ आहेत. तिथे काम करणाऱ्यांना यातला अर्धा त्रास नसतो. बाकी महाराष्ट्रात जागा शोधून ती ऑडिशनजोगी करावी लागते.

पायरी १: फोन उचलण्याआधी आकडा काढा

किती लोकांना बोलवायचं ते ठरलं नसेल तर जागा किती वेळ हवी तेच माहीत नसतं. हिशेब असा करा. कलाकार आत येतो, माइक लागतो, नाव-वय-उंची आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू कॅमेऱ्यावर घेतल्या जातात. सीन समजावला जातो, दोनदा केला जातो, माणूस बाहेर पडतो. दोन मिनिटांच्या सीनला हे सगळं धरून दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाला सहा जण. पण वेळ द्या पाचच जणांना. सहावी जागा उशिरा येणाऱ्यासाठी आणि ‘हिच्याकडून अजून एकदा करून घेऊ’ असं दिग्दर्शक म्हणेल तेव्हासाठी मोकळी असू द्या.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मध्ये एक तास जेवण, म्हणजे सात तासांत ३५ जण. पाच मुख्य भूमिकांसाठी प्रत्येकी बारा म्हटले तर साठ. म्हणजे दोन दिवस हवेत, एक नव्हे.

इथेच पहिली चूक होते: हॉल दहा ते सहा असाच घेतला जातो. लाइट, पडदा आणि माइक लावून एक चाचणी रेकॉर्डिंग करायला दीड तास जातो, आवरायला एक तास. त्यामुळे जागा साडेआठ ते सात हवी. फोनवर पहिल्यांदा बोलताना हीच वेळ सांगा. नंतर वाढवून मागितलेला प्रत्येक तास महाग पडतो.

पायरी २: तारीख पंचांग बघून ठरवा

हे मी शब्दशः म्हणतोय. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या दिवसांत, म्हणजे चातुर्मासाचा बराचसा काळ, पितृपंधरवडा आणि पौष, छोटी मंगल कार्यालयं आठवड्याच्या मधल्या वारी रिकामी पडलेली असतात आणि भाड्यात घासाघीस होऊ शकते. दाट तिथीच्या दिवशी तिथे फोन करूच नका.

पुण्यात आणखी तीन गोष्टी बघा.

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या साधारणपणे ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होतात. त्याआधीचे दीड-दोन महिने कॉलेजची मुलं मिळेल त्या हॉलमध्ये, पार्किंगमध्ये, गच्चीवर तालमी करत असतात. त्या काळात तालमीचे हॉल मिळत नाहीत आणि तुम्हाला हवी असलेली तरुण मुलंही मिळत नाहीत.

गणपतीच्या आधीचे कितीतरी दिवस संध्याकाळी नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. दुपारी बारा वाजता शांत वाटलेला हॉल साडेसहानंतर निरुपयोगी होतो.

आणि गुरुवार. शहराच्या अनेक भागांत पाण्याची आणि विजेची दुरुस्तीची कामं गुरुवारी काढतात. गुरुवारच घ्यावा लागला तर त्या भागात वीज आणि पाणी बंद राहणार आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या आसपास हौशी संस्थांच्या जागा भरलेल्या असतात. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात शाळा-कॉलेजांना विचारण्यात अर्थ नाही.

तपासा: एक तारीख धरून बसू नका. लागोपाठच्या दोन दिवसांच्या तीन जोड्या हातात ठेवून मगच फोन करा.

पायरी ३: कुठे विचारायचं

बहुतेक जण थेट नाट्यगृहाकडे जातात. नाट्यगृह सत्रावर मिळतं, आपल्याला लागतो सलग दिवस. शिवाय आठशे खुर्च्यांच्या प्रेक्षागृहाचं आपल्याला काय करायचंय? काही नाट्यगृहांना वेगळे तालीम हॉल असतात, तेवढे विचारा. ते चांगले असतात, पण आधीच घेतलेले असतात. माझा पसंतीक्रम पुढीलप्रमाणे आहे.

*नृत्यवर्ग.* कथ्थक-भरतनाट्यमचे वर्ग पहाटे किंवा संध्याकाळी भरतात. आठवड्याच्या दिवशी दहा ते चार हॉल मोकळा असतो. जमीन स्वच्छ, बाहेर पालकांसाठी बाकं ठेवलेली, आणि मुली-बायकांची ये-जा असलेला पत्ता. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. अडचण दोन गोष्टींची. चारनंतर वर्ग सुरू होतात, त्यामुळे दोनपेक्षा जास्त दिवस घ्यावे लागतात. आणि भिंतभर आरसा असतो. आरशासमोरच्या भिंतीकडे कॅमेऱ्याची पाठ असेल तर युनिट सगळं फ्रेममध्ये दिसतं. आरसा चादरींनी झाकायची परवानगी आधीच घ्या, आणि त्यावर चिकटपट्टी लावू नका.

*मंगल कार्यालयातल्या वर-वधू पक्षाच्या खोल्या.* मुख्य सभागृह घेऊ नका, आवाज घुमतो. पण या खोल्या बेताच्या आकाराच्या, आरसा आणि स्वच्छतागृह जोडून असलेल्या असतात. एका खोलीत ऑडिशन, दुसरीत कपडे बदलणं, जेवणघरात लोकांची बसायची सोय. कार्यालयवाल्यांना ‘फक्त दोन खोल्या आणि जेवणघर, स्वयंपाकघर नको, मांडव नको’ असं स्पष्ट सांगितलं की ते वेगळा दर काढतात.

*वाचनालयाचं किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचं सभागृह.* कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी. दिवसा शांतता, पंखे, खुर्च्या, पाणी सगळं असतं. भाडं बेताचं. मात्र निर्णय एका माणसाच्या हातात नसतो, कार्यकारिणीच्या बैठकीची वाट बघावी लागते. तीन आठवडे आधी पत्र द्या. तालुक्याच्या गावी मी सगळ्यात आधी इथेच जातो.

*शाळा.* रविवार, दिवाळीची किंवा मेची सुट्टी. वर्गखोल्या भरपूर, म्हणून बाहेर बसायचा प्रश्नच मिटतो. पण फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज फार घुमतो, खिडक्यांना पडदे नसतात. मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, संस्थेचं लेखी पत्र लागतं. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाकडे अर्ज करावा लागतो.

*कोचिंग क्लास.* सकाळी दहा ते दुपारी तीन रिकामा. रविवारी मात्र चाचणी परीक्षा असतात. खोल्या लहान असतात.

*सोसायटीचा हॉल.* शेवटचा पर्याय. एकदा आम्ही सचिवांच्या तोंडी होकारावर असा हॉल घेतला होता. अकरा जणांच्या ऑडिशन झाल्या आणि वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाने ‘सोसायटीत धंदा चालू आहे’ म्हणून तक्रार केली. दुपारी बारा वाजता हॉल बंद झाला. चोवीस जण यायचे होते, त्यातले काही नाशिक आणि साताऱ्याहून निघालेले. त्या दिवसापासून लेखी परवानगीशिवाय मी कुणालाही वेळ देत नाही.

सावधान: कुणाचा फ्लॅट, लॉजची किंवा हॉटेलची खोली, निर्मात्याचं एकांतातलं फार्महाउस: ऑडिशनला यातलं काहीही घ्यायचं नाही. फुकट मिळालं तरी नाही. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी घरून एकट्या निघालेल्या मुलीला तो पत्त्यावरून दिसत नाही. ज्या शहाण्या मुली असा पत्ता वाचून येत नाहीत, त्यांच्यातच कदाचित तुमची नायिका असते.

पायरी ४: फोनवर खरं सांगा

‘सिनेमा’ म्हटलं की समोरच्याला जनरेटर, शंभर माणसं आणि भिंतीला मारलेले खिळे दिसतात. म्हणून काही जण ‘मीटिंग आहे’ असं सांगतात. कॅमेरा बघितल्यावर तिथला शिपाई ट्रस्टींना फोन लावतो आणि सगळं बिघडतं. त्यापेक्षा पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मराठी चित्रपटासाठी पात्रनिवड आहे. शूटिंग नाही. एक कॅमेरा, दोन लहान लाइट, आमची पाच माणसं. एका वेळी बाहेर आठ-दहा जण बसतील. भिंतीला काही लावणार नाही.’

आणि विचारा: त्याच दिवशी शेजारच्या हॉलमध्ये काय आहे? इमारतीत कुठे काम काढलंय का? किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस साडेआठला येतो का?

पायरी ५: पाहणी, आणि तीही बाहेरून आत

ही पायरी टाळली तर बाकीचं सगळं केलेलं फुकट जातं. फोटोवरून जागा ठरवू नका. ज्या वारी ऑडिशन आहे त्याच वारी, शक्यतो दोन वेळा जा: सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला.

आधी ऑडिशनची खोली बघू नका. आधी बाहेरची बघा. कलाकार आत दहा मिनिटं असतो, बाहेर कधी कधी तासभर. तो तासभर जिन्यावर उभा राहिला, उन्हात तापला, स्वच्छतागृह शोधत फिरला, तर आत येतो तो माणूस थकलेला आणि चिडलेला असतो, आणि आपण त्याच्या अभिनयावर शेरा लिहितो. माझं ठाम मत आहे की दोन जागांमध्ये निवड करायची वेळ आली तर बाहेरची खोली चांगली असलेली जागा घ्यावी. आतली खोली सतरंज्या-चादरींनी सुधारता येते, बाहेरची येत नाही.

बाहेर काय बघायचं:

रिक्षावाल्याला सांगता येईल असा पत्ता आहे का. बसचा थांबा, मेट्रो किंवा लोकलचं स्टेशन चालत येण्याजोगं आहे का. पंधरा खुर्च्या बसतात का. वयस्कर कलाकारांसोबत आणि लहान मुलांसोबत घरचं कुणीतरी येतंच. स्वच्छतागृह उघडून बघा: आतून कडी लागते का, पाणी येतं का, स्त्रियांसाठी वेगळं आहे का. लिफ्ट नसेल आणि हॉल तिसऱ्या मजल्यावर असेल तर आजी-आजोबांच्या भूमिकेची ऑडिशन तिथे घेऊ नका. बाहेर बसलेल्यांना आतले संवाद ऐकू येतात का तेही बघा. दाराआडून पाच वेळा ऐकलेला सीन सहावा कलाकार नकळत त्याच सुरात करतो.

आता आत. टेप घेऊन जा.

*लांबी.* कलाकार भिंतीला चिकटून उभा राहिला की मागे सावली पडते, म्हणून भिंतीपासून पाच फूट पुढे. पूर्ण उंचीची फ्रेम घ्यायला फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीच्या लेन्सला साधारण दहा फूट अंतर लागतं, ५० मिमीला साडेचौदा. कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहायला तीन फूट. म्हणजे ३५ मिमीने काम करणार असाल तर अठरा फूट लांब आणि दहा-बारा फूट रुंद खोली पुरते. फक्त कमरेवरची फ्रेम घेणार असाल तर ५० मिमीला सहा-सात फुटांत भागतं. लेन्स कुठली हे ठरवून मग मोजा.

*आवाज.* खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे ‘टण्ण’ असा शेपूट ऐकू आला तर खोली घुमते. जमिनीवर दोन जाड सतरंज्या आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर, दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या यांनी बराच फरक पडतो. मग दार-खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि फोनवर दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. पंखा लावून पुन्हा करा. घरी जाऊन हेडफोनवर ऐका. कानाला न जाणवलेला पाण्याचा पंप, कोपऱ्यावरचं वेल्डिंग, सिग्नलवरचे हॉर्न तिथे ऐकू येतात. वर पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात ती जागा सोडून द्या, आतून कितीही आवडली तरी.

*उजेड.* मोठ्या खिडकीच्या उजेडाला भुलू नका. सकाळी दहाला आलेली मुलगी त्या उजेडात सुरेख दिसते, संध्याकाळी पाचला आलेली निस्तेज. दोघींची तुलना मग खरी होत नाही. पडदे बंद करता येतात का ते बघा आणि दिवसभर स्वतःचेच दोन लाइट ठेवा. खोलीतल्या ट्यूबलाइट चालू ठेवणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून तिथेच चाचणी घ्या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दुसऱ्या शटरवर चित्र लुकलुकू शकतं.

*वीज.* प्लग किती, कुठे, पंधरा अँपिअरचा आहे का. वीज गेली तर इन्व्हर्टर फक्त पंख्यांना आहे की प्लगांनाही?

*दार.* ऑडिशनच्या खोलीचं दार आतून कडी न लावता नीट बंद राहतं का. ती कडी दिवसभरात एकदाही लावायची नाही.

तपासा: आपल्यापैकी कुणाला तरी मधोमध उभं करून फोनवरच एक मिनिटाचा सीन घ्या आणि दिग्दर्शकाला पाठवा. त्याने तो हेडफोनवर ऐकून होकार दिल्यावरच पैसे भरा.

पायरी ६: भाडं आणि पत्र

भाड्याचा आकडा एकटा बघू नका, माणशी हिशेब करा. समजा एक हॉल दिवसाला ३,५०० रुपये आहे आणि तिथे ३५ जण होतात: माणशी शंभर. दुसरा २,००० ला आहे, पण दुपारी दोनला सोडावा लागतो आणि पंधराच जण होतात: माणशी १३३, शिवाय मांडामांड दोनदा. स्वस्त हॉल महाग पडतो तो असा. संस्था जीएसटीखाली असेल तर भाड्यावर १८ टक्के वर द्यावे लागतात. दर ‘धरून’ आहे की ‘वेगळा’, हे आधी विचारा. अनामत रक्कम किती आणि कधी परत मिळणार, तेही. पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, व्यवस्थापकाच्या वैयक्तिक नंबरवर नको.

हा खर्च कलाकारांकडून ‘नोंदणी फी’ म्हणून वसूल करण्याचा विचारही करू नका. ऑडिशनला पैसे घेणारे बहुतेक फसवणारे असतात, हे आता कलाकारांना कळतं, आणि तुमचं नाव त्याच यादीत जातं.

पत्र साधं असू द्या:

‘आपल्या सभागृहात दि. … व … रोजी सकाळी ८.३० ते सायं. ७ या वेळेत मराठी चित्रपटाच्या पात्रनिवडीसाठी सभागृह, शेजारची खोली व स्वच्छतागृह वापरण्यास परवानगी मिळावी. एक कॅमेरा व दोन लाइट वापरले जातील. एका वेळी वीसपेक्षा जास्त व्यक्ती आवारात नसतील. भाडे रु. …, अनामत रु. … . ठरलेल्या वेळेआधी सभागृह रिकामे करावे लागल्यास भाडे परत मिळावे.’

खाली सही-शिक्का घ्या. शेवटचं वाक्य बरेच जण संकोचाने गाळतात. गाळू नका. या पत्राची एक प्रत ऑडिशनच्या दिवशी खिशात ठेवा, कारण ज्याने परवानगी दिली तो माणूस त्या दिवशी हमखास बाहेरगावी असतो.

पायरी ७: पत्ता फक्त वेळ दिलेल्यांनाच

जाहीर पोस्टमध्ये भूमिका, वयोगट, शहर आणि फोटो-प्रोफाइल कुठे पाठवायचं एवढंच लिहा. पत्ता लिहिलात तर वेळ न घेतलेले शंभर लोक दारात येतील आणि वॉचमन संस्थेला फोन करेल. निवडलेल्यांना स्वतंत्र मेसेज: वेळ, पत्ता, जवळची खूण, नकाशाची लिंक, कितवा मजला, गाडी कुठे लावायची, दारात भेटणाऱ्या आपल्या माणसाचं नाव आणि नंबर. ‘सोबत कुणी आलं तरी चालेल, बसायची सोय आहे’ हे वाक्य प्रत्येकाला पाठवा.

सगळ्यांना सकाळी दहाची वेळ देणं ही सर्वात जुनी आणि सर्वात वाईट सवय आहे. तासाला पाच म्हणजे पाच.

पायरी ८: त्या दिवशीचा क्रम

साडेआठला पोचल्यावर आधी जागेचे फोटो काढा: खुर्च्या, भिंती, आधीपासूनचे ओरखडे. मग सतरंज्या, मग पडदा (पांढरा नको, राखाडी किंवा फिका निळा, इस्त्री केलेला), मग लाइट, मग कॅमेरा. शेवटी जमिनीवर कलाकाराच्या उभं राहण्याची खूण. उलट्या क्रमाने केलं तर सतरंजी घालताना सगळं पुन्हा हलवावं लागतं.

क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी बसवा. दाराबाहेर एक जण यादी घेऊन, दुसरा कुणी नाही. खोलीत कधीही किमान दोन जण, त्यात एक स्त्री. लहान मूल असेल तर त्याच्या पालकांची खुर्ची आतच, कॅमेऱ्यामागे. बाहेर पाण्याचा जार आणि पेले. उन्हाळ्यात एक जादा पंखा भाड्याने आणा.

साडेनऊला एक चाचणी रेकॉर्डिंग करून ते हेडफोनवर ऐका. पहिला कलाकार आल्यावर कळलेला दोष त्याच्या वाट्याची मिनिटं खातो.

पायरी ९: आवरताना

कचरा आपणच उचलायचा, खुर्च्या फोटोत होत्या तशा लावायच्या, शिपाईमावशींना चहा-नाश्ता आपल्यासोबतच द्यायचा. त्यांनी चांगलं सांगितलं तर पुढच्या वेळी बैठकीची वाट बघावी लागत नाही.

किल्ली देण्याआधी दोन कामं. अनामत परत मिळाल्याची किंवा कधी मिळणार याची नोंद पत्राच्या मागे करून घ्या. आणि दुसऱ्या फेरीसाठी पुढच्या आठवड्यातला अर्धा दिवस तिथल्या तिथे धरून ठेवा. निवडलेले दहा जण त्याच खोलीत, त्याच उजेडात पुन्हा बघायला मिळाले तर दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून तुलना करता येते.